आरती होईपर्यंतची हवा

जालन्यात कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की दोनच उत्तरं लोकांना पटतात. बियाणं नाहीतर सळई. मी नोकरीभर तिसरं उत्तर देत आले आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघत आले. घनसावंगीच्या माझ्या वहिनीला पहिल्यांदा सांगितलं, "आम्ही पेशी वाढवतो," तर तिने विचारलं, "एकरी किती निघतंय मंग?"

"एकरात नाही वहिनी, भांड्यात वाढवतो."

"म्हणजे कुंडीतला भाजीपालाच की."

तेव्हापासून माहेरी माझी नोकरी भाजीपाल्यात जमा आहे. आता निवृत्त झाले आहे, तेव्हा एकदा नीट सांगून टाकते.

आमची कंपनी औद्योगिक वसाहतीच्या अगदी शेवटच्या टोकाला. तिथे इंजेक्शनची औषधं बनवायला लागणारी प्रथिनं तयार व्हायची. काही प्रथिनं इतकी गुंतागुंतीची असतात की ती रसायनं ढवळून बनत नाहीत, जिवंत पेशीकडूनच करून घ्यावी लागतात. त्यासाठी जगभर वापरतात त्याच पेशी आम्हीही वापरायचो. चिनी हॅमस्टर नावाचा उंदराच्या कुळातला एक गुबगुबीत प्राणी असतो. त्याच्या मादीच्या बीजांडकोशातून फार पूर्वी कुणीतरी काढलेल्या पेशींचा हा वंश. स्टीलच्या बंद भांड्यात गुलाबीसर पोषक पाणी घालायचं, त्यात पेशी सोडायच्या, भांडं ऊबदार ठेवायचं, सावकाश ढवळत राहायचं आणि खालून बारीक बुडबुड्यांनी हवा द्यायची. पेशी वाढतात आणि आपलं प्रथिन त्या पाण्यात सोडत राहतात. खाणं थोडं उशिरा दिलं तर त्या रुसतात, पण निभावून नेतात. हवेचं तसं नाही. भांडं भरात असताना हवा बंद झाली, की पाण्यात विरघळलेला प्राणवायू चहा गार व्हायच्या आत संपतो.

या पेशींची एक खोड आहे. ऐन काम रंगात आलं, गर्दी वाढली, की त्या आपणहून मरायला लागतात. आमचं सगळं संशोधन या खोडीवर होतं, आणि त्यासाठी मायक्रोआरएनए म्हणजे काय ते सांगायला हवं. घाबरू नका, वहिनीलासुद्धा शेवटी कळलं.

पेशीत जनुकं असतात. कापसाच्या बियाण्यामुळे हा शब्द आमच्या जिल्ह्यात पारावरही चालतो. जनुकावरून हुकमाची एक चिठ्ठी निघते, तिला आरएनए म्हणतात, आणि त्या चिठ्ठीनुसार प्रथिन बनतं. मायक्रोआरएनए ही त्याहून बारकी चिठ्ठी. तिच्यावरून काहीच बनत नाही. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांना चिकटून त्या रद्द करणं, एवढंच तिचं काम. लग्नात पंगत बसलेली असावी, तुम्ही आचाऱ्याला "पुऱ्या सोडा" म्हणून निरोप पाठवावा, आणि वाटेत एखाद्या काकांनी "राहू द्या हो, पुरे झालं" म्हणून तो अडवावा, तसं. पेशी दमली की असे काही काका फार वाढतात आणि "जगायला लागणारी प्रथिनं बनवा" हे निरोपच अडवून धरतात. मग पेशी मरते.

आम्ही पेशीत एक तुकडा असा बसवला, की त्यातून खोट्या निरोपांचा ढीग निघावा. मायक्रोआरएनए त्या ढिगाला चिकटून बसायचं आणि खरे निरोप सुटायचे. आमच्या धंद्यात याला स्पंज म्हणतात. काकांना गप्पांत गुंतवून ठेवा, पुऱ्या चालू राहतात. यातली गंमत अशी की या सगळ्या खटपटीचं ओझं पेशीवर जवळजवळ पडत नाही, तिची ताकद आपल्या प्रथिनासाठीच राहते. सांगायला सोपं आहे. पण स्पंज बसलेल्या असंख्य पेशींमधून एक चांगली निवडून तिचा वंश वाढवायला आमची वर्षं गेली. माझी आणि शबानाची. शबाना म्हणजे माझी सहकारी, जालन्याच्या जुन्या वस्तीतली, हाताने अतिशय हळुवार आणि तोंडाने अजिबात नाही.

शेवटी परीक्षेची वेळ आली. आमच्या कंपनीचे मोठे साहेब हैदराबादला बसत. त्यांनी कळवलं की साध्या पेशी एका मोठ्या भांड्यात आणि स्पंजच्या पेशी शेजारच्या भांड्यात, एकाच वेळी चालवून दाखवा. स्पंजच्या पेशी खरोखर सरस ठरल्या तर विभाग जालन्यात राहील. नाहीतर सगळं गुंडाळून हैदराबादला. शबानाचं घर इथे, माझं इथे, हाताखालच्या पोरींची लग्नं इथे झालेली. साहेब दसरा झाल्यावर येणार होते.

आता विठ्ठलराव. कंप्रेसर, बॉयलर, जनरेटर यांची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे. आधी सळईच्या कारखान्यात होते, मग ठेकेदारामार्फत आमच्याकडे आले. राजूरच्या बाजूचे. यंत्राचा आवाज जरा बदलला की जेवणाच्या ताटावरून उठून जाणारा माणूस. त्या वर्षीच्या दिवाळीत त्यांना कायम करायचं असं कंपनीने तोंडी कबूल केलेलं होतं, आणि ते ही गोष्ट कुणालाही, कधीही सांगायचे. चहावाल्यालासुद्धा माहीत होतं.

खंडेनवमीचं आणि माझं जुनं भांडण. कारखाना म्हटला की त्या दिवशी यंत्रांची पूजा आलीच, आमच्याकडे ती कुणी चुकवत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात एका भक्ताने पेशींच्या उबवणपेटीला हळदीकुंकू लावून वर झेंडूची माळ चढवली होती. पेटीत बुरशी झाली आणि मी जो आरडाओरडा केला तो म्हणे फाटकापर्यंत ऐकू गेला. तेव्हा नियम ठरला, की पूजा बाहेर, यंत्रखोलीत. हा नियम सगळ्यात कडक कुणी पाळला असेल तर विठ्ठलरावांनी. पूजेहून कुणी आमच्या दाराकडे वळलं की ते त्याला नळाकडे पाठवायचे. "आंदी हात धू. म्याडमच्या पेशीला झेंडू चालत न्हाई."

त्या वर्षीच्या नवमीला दोन्ही भांडी भरात होती. सकाळचे नमुने बघून आम्ही खूश होतो, स्पंजच्या पेशी थोड्या पुढे होत्या. शबाना आत प्रयोगशाळेत दार लावून काम करत होती. मी पुढच्या कचेरीत साहेबांच्या गाडीची, जेवणाची व्यवस्था सांगायला गेले होते. परत येताना बोळात शिरले तेव्हा यंत्रखोलीतून आरती ऐकू येत होती. घंटा, झांजा, टाळ्या आणि आमच्या पहारेकऱ्याचा सगळ्यांच्या वरचा आवाज. मी कौतुकाने ऐकत चालले होते. मग बोळातल्या, भांड्यांची स्थिती दाखवणाऱ्या फलकाकडे नजर गेली.

लाल दिवा लागलेला होता. भोंगाही वाजत होता, पण झांजांमध्ये तो मला अगदी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हाच ऐकू आला. पडद्यावरच्या दोन्ही प्राणवायूच्या रेघा तळाला पडलेल्या होत्या, आडव्या, जमिनीसारख्या सपाट.

मी शबानाच्या दारावर दोन्ही हातांनी बडवलं. ती बाहेर आली, तिने पडदा पाहिला. "या अल्ला. म्याडम, हवाच न्हाई! तुम्ही कंप्रेसर बघा, जल्दी! मी सिलिंडर उघडते."

मी धावले. वयाला आणि साडीला शोभेल इतपत नाही, चांगलीच धावले. यंत्रखोलीच्या दारात उदबत्त्यांचा धूर. कंप्रेसरवर झेंडूची भरघोस माळ, कुंकवाची पाच बोटं, पुढे नारळ. आणि खोलीत एरवी ज्याच्यामुळे बोलणं ऐकू येत नाही तो आवाज नव्हता. विठ्ठलराव तबक ओवाळत होते.

"कंप्रेसर कुणी बंद केला?"

आरती थांबली. विठ्ठलराव माझ्याकडे बघून हसले, मी प्रसादाला आले असं वाटून. "म्याच केला म्याडम. आजच्या दिशी मशीनला इस्रांती द्यावी लागती ना. दरसाली देतो. टाकीत हवा असती की, आरती होईस्तोर बराबर पुरती."

दरसाल पुरत होती हे खरं होतं. दरसाल एकच लहान भांडं चालू असायचं. त्या वर्षी दोन मोठी चालू होती आणि ही गोष्ट यंत्रखोलीला कळवायची असते हे आमच्या एवढ्या शिकलेल्या कंपनीत कुणालाही सुचलं नव्हतं. टाकी आरतीच्या सुरुवातीलाच रिकामी झाली होती.

"चालू करा! आत्ताच्या आत्ता!"

त्यांनी तबक तसंच जमिनीवर ठेवलं आणि कळ दाबली. कंप्रेसर खोकत सुरू झाला, माळ थरथरायला लागली. पण दाब चढायला वेळ लागतो. काटा शून्यावरून हलायलाच तयार नव्हता. तेवढ्यात बोळातून शबानाचा आवाज, "म्याडम, सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडंना!" उघडणार कसा? शुद्ध प्राणवायूचा सिलिंडर गच्च भरलेला, पण त्याचा व्हॉल्व्हही त्याच हवेच्या दाबावर चालणारा. भरल्या घरात उपाशी मरायची पाळी. विठ्ठलराव काट्याकडे बघत होते, मी विठ्ठलरावांकडे. त्यांच्या हातावर कुंकू तसंच होतं. शेवटी काटा हलला आणि बोळातून शबाना ओरडली, "आली! बुडबुडे आले!"

आता आत किती मेल्या ते बघायचं होतं.

ते बघायची रीत साधी आहे. पेशींचा थेंब घ्यायचा, त्यात निळा रंग मिसळायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही, मेलेली निळी होते. पहिल्या नमुन्यात दोन्ही भांडी जवळपास सारखीच दिसली, इकडेतिकडे थोडी निळी. मला हायसं वाटलं. शबाना म्हणाली, "आत्ताच खूश नका होऊ. मरायचं ठरवलेली पेशी लगेच मरत न्हाई."

ती बरोबर होती. दुपारनंतर साध्या पेशींच्या भांड्यात निळं वाढत गेलं. दर नमुन्याला जास्त. दिवस कलला तेव्हा शेत करपावं तसं सगळं निळं होतं. आणि शेजारचं भांडं? आम्ही प्रत्येक वेळी थेंब काचेवर ठेवायचो आणि "तू आधी बघ", "नाही, तुम्ही बघा" असं करायचो. थोडी निळी होती. पुढच्या वेळीही थोडीच. दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघी सुट्टी असून आलो. थेंब ठेवला. शबानाने बघितलं, डोकं वर केलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी. "जिंदा हैत म्याडम. काम बी करून राह्यल्या." मी बघितलं. गोल, चकचकीत, रंगाला हाकलून लावणाऱ्या पेशी. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे बघत आले होते, पण त्या दिवशी मी त्यांच्यावर अगदी खुळ्यासारखी प्रेम करत होते.

आनंद तासभरही टिकला नाही. साहेबांना काय सांगायचं?

आमचे कारखाना व्यवस्थापक, देशमाने, त्यांनी लगेच तोडगा काढला. "वीज गेली म्हणा. जालन्यात वीज गेली म्हटलं तर कुणाला नवल वाटणार आहे? तुमच्या पेशी जिंकल्या, विभाग वाचला, विठ्ठलची नोकरी वाचली. कुणाचं काय बिघडतंय?"

खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. पण वीज गेली असती तर ढवळणंही थांबलं असतं, ऊबही गेली असती. इथे फक्त हवा गेली होती. पेशी नेमक्या कशातून वाचल्या, हाच तर आमचा सगळा निकाल. त्यातच खोटं मिसळलं तर पुढे कुणीतरी त्या पेशींवर भरवसा ठेवून औषध बनवणार, आणि तो भरवसा माझ्या थापेवर उभा असणार. ते माझ्याच्याने होईना.

विठ्ठलराव आपट्याची पानं घेऊन आले होते. सुट्टीतही कामावर असलेल्या सगळ्यांना सोनं देत देत माझ्या टेबलापाशी थांबले. पान माझ्या हातावर ठेवलं आणि गेले नाहीत.

"म्याडम, वीज गेली म्हणा ना. तुमच्या पेशी तर जित्या हैत. मंग?"

"विठ्ठलराव, मी तुमचं नाव घेणार नाही."

"नावाचं काय? कंप्रेसर म्हणलं की म्याच." ते हळू बोलत होते, कुणी ऐकू नये म्हणून. "दिवाळीला कायम करणार व्हते, म्याडम. घरी सगळ्यांना सांगून बसलोय. मायला बी सांगितलंय."

मी म्हटलं, "चूक तुमची एकट्याची नाही. दोन भांडी चालू आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. मी तेही सांगेन. ठासून सांगेन."

"तुम्ही सांगालच. पन ऐकंल का कुणी?" म्हणाले आणि गेले. पान माझ्या हातात राहिलं.

साहेब आले. दोन्ही भांड्यांच्या रेघा त्यांनी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या आणि बोट नेमकं त्या तळाला पडलेल्या जागेवर ठेवलं. "ये क्या है?"

देशमाने माझ्याकडे बघत होते. शबाना जमिनीकडे. मी सांगितलं. खंडेनवमी, पूजा, यंत्राला विश्रांती, आरती होईपर्यंतची टाकीतली हवा, दोन भांडी, न ऐकू आलेला भोंगा. हेही सांगितलं की यंत्रखोलीला कळवणं आमचं काम होतं, भोंगा बोळात लावणं कंपनीची चूक होती, आणि या माणसासारखा माणूस कारखान्यात दुसरा नाही. साहेब शांतपणे ऐकत होते. विज्ञानाच्या भागाला मधे मधे मान डोलवत होते. मग म्हणाले, "मॅडम, आपका सेल लाइन तो कमाल है. जालना में ही रखेंगे." आणि वळून देशमान्यांना, "किसने बंद किया था?"

मी परत तेच सांगायला लागले, की हा दोष व्यवस्थेचा आहे. साहेबांनी हात वर केला. त्या हातावर मला भयंकर राग आला, आजही येतो. देशमान्यांनी नाव सांगितलं.

विभाग राहिला. बोळातला भोंगा बदलला, कंप्रेसरला जोड आली, सिलिंडरला हाताने फिरवायची चावी बसली. या सगळ्या गोष्टी आधीच व्हायला हव्या होत्या. स्पंजच्या पेशींना मान मिळाला, शबाना पुढे विभागप्रमुख झाली. विठ्ठलरावांना ठेकेदाराने दिवाळीच्या आधीच "उद्यापासून येऊ नका" म्हणून सांगितलं. मी हैदराबादला फोन केले, भांडले, दोन बैठकांतून उठून गेले. काही उपयोग झाला नाही. मी खरं बोलले याचं मला वाईट वाटत नाही. परत वेळ आली तर परत तेच बोलेन. पण त्या खऱ्याची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्याने मोजली, आणि ही गोष्ट मनातून जात नाही.

निवृत्त झाल्यावर एका खंडेनवमीला मी राजूरच्या गणपतीला निघाले होते. फाट्याच्या अलीकडे गाडीचं मागचं चाक बसलं. ड्रायव्हर म्हणाला, पुढे पंक्चरचं दुकान आहे, हळूहळू जाऊ. पत्र्याचं शेड, बाहेर टायरची उतरंड. आत एक छोटा कंप्रेसर, त्याला झेंडूची माळ, कुंकवाची पाच बोटं, पुढे नारळ. आणि तबक हातात घेतलेले विठ्ठलराव. केस पिकलेले. त्यांनी मला लगेच ओळखलं. मला वाटलं, तोंड फिरवतील. फिरवलं नाही.

"या म्याडम."

"विठ्ठलराव, चाक बसलंय," एवढंच मला बोलता आलं. बाकी जे वर्षानुवर्षं ठरवून ठेवलं होतं ते कुठे गेलं कोण जाणे.

त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग कंप्रेसरकडे. कंप्रेसर बंद होता. ड्रायव्हर घाईत होता, म्हणाला, "मामा, तेवढी हवा मारून द्या ना, मंग करा आरती."

"न्हाई बाबा. आजच्या दिशी मशीनला इस्रांती. आरती होईस्तोर हवा मिळणार न्हाई." आणि बाजेवरची चादर झटकून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसा म्याडम. हितं हवेवाचून कुणी मरत न्हाई."

मी बसले. त्यांनी घंटा माझ्या हातात दिली आणि मी ती आरती संपेपर्यंत वाजवत राहिले.